हाकेचं अंतर

“गुरवबाई, ही सही तुमचीच ना?”

नलावडे साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकानं खालचा कोपरा दाखवला. जुलैचे दिवस. शिक्षण विभागाच्या त्या खोलीत भिंतीशी ओल्या छत्र्या उभ्या करून ठेवलेल्या आणि त्यांचं पाणी फायलींच्या गठ्ठ्याकडे सरकत चाललेलं.

“माझीच,” मी म्हटलं.

“आणि हे पत्र?”

तेही माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी बालमेळाव्याची परवानगी मागताना लिहिलेलं. त्यातल्या एका ओळीखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती. ‘वाकणवाडीची शाळा आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर असल्याने दोन्ही शाळांचा मेळावा एकत्र घेण्यास अडचण नाही.’

“ऑफिसनं हाकेचं अंतर म्हणजे अर्धा किलोमीटर धरलं,” साहेब म्हणाले. “या तक्त्यात तसं भरलं, खाली तुम्ही सही केलीत. आता वरून आदेश आलाय. वीसच्या आत पट आणि किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर कमी पटाची शाळा बंद. तुमचा पट अकरा. एक सप्टेंबरपासून पोरं वाकणवाडीला पाठवा.”

“साहेब, हाक पोचते. पोरं नाही पोचत.”

“म्हणजे?”

“मध्ये दरी आहे. आम्ही या दांडावर, वाकणवाडी समोरच्या दांडावर. इकडून ओरडलं की तिकडं ऐकू जातं. पण चालायचं म्हटलं तर सगळा डोंगर उतरायचा, ओढा ओलांडायचा, परत तेवढंच चढायचं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. “बाई, माझ्याकडं एकशे चौऱ्याऐंशी शाळा आहेत. प्रत्येक जण सांगतो मध्ये काहीतरी आहे. कुणाच्या मध्ये ओढा, कुणाच्या मध्ये भावकी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुमचं तर भलंच होतंय की. शाळा बंद झाली की तुम्ही अतिरिक्त ठरता. इथं गावात तीन नंबरच्या शाळेत जागा रिकामी आहे, तुमच्या घरापासून पाच मिनिटं. सात वर्षं काढलीत डोंगरात. मिस्टर परवा भेटले होते तुमचे. खूश दिसले.”

“शाळा राहू दे, साहेब.”

“मग लेखी द्या, की तुम्ही चुकीची माहिती दिलीत. फाईल परत फिरेल. पण तुमच्यावर नोटीस निघेल, ती मला अडवता यायची नाही.” त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला.

मी त्या कागदाकडं बघत राहिले. लिहायला हात उचलला नाही. “साहेब, तुम्ही एकदा चालून बघा,” एवढंच म्हणाले आणि उठले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी निवृत्त होऊनही चार झाली. पण तो कोरा कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

करंजदांड म्हणजे चौदा घरांचा धनगरवाडा. सडकेपासून चाळीस मिनिटांचा चढ. शाळेची एक खोली, तिला लागून माझी एक. सोमवार ते शुक्रवार मी तिथंच राहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की डोंगर उतरून एस.टी.नं तालुक्याला घरी. माझे नेम वाड्याला पाठ झाले होते. पहाटे पोथीचा अध्याय होईपर्यंत बाई बोलत नाहीत, शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय पाणी पीत नाहीत, हे पहिलीतलं पोरसुद्धा सांगायचं.

त्या दिवशी परत आले तेव्हा शाळेच्या ओट्यावर माणसं बसलीच होती. धाकू ढेबे शाळा समितीचा अध्यक्ष. दूध घालायला खाली जायचा, त्यामुळं बातमी त्याला माझ्या आधी लागली होती. त्याची धाकटी तानी नुकतीच पहिलीत आलेली.

“बाई, हाकेवर हाय आसं तुमी लिवलं म्हणं?”

“लिहिलं, धाकूभाऊ.”

“आवं, पन ते बोलायचं आसतंय. लिवायचं न्हाय!”

कोंडाबाई आखाडे ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. साठीची बाई, जिभेला धार. तिनं तोंडाला हात लावला आणि समोरच्या डोंगराकडं हाक मारली, “सखेऽऽऽ!” दम घेण्याइतका वेळ गेला आणि धुक्यातून ‘ओऽऽऽ’ आलं. कोंडाबाई माझ्याकडं वळली.

“ऐकलंस? माझी भन हाय ती. म्या रोज हाक मारती, ती रोज ओ देती. आन तिच्या घरी म्या शेवटची कवा गेलती ठावं हाय? तिच्या नातवाच्या बारशाला. त्याला आता मिसरूड फुटाया लागलंय.”

ओट्यावर हशा झाला, आणि झाला तसा विरला.

“आमची चूक, आमची चूक,” कोंडाबाईच पुढं म्हणाली. “आमीच सगळ्यास्नी सांगतो, वाकणवाडी व्हय, ती काय, हाकंवर. जीब आमची आन हात तुजा. आता कर काय तरी.”

त्याच आठवड्यात मला मैना दिसली. मैना कोकरे. चौथीला पहिली आलेली, पाढे उलटे म्हणणारी. आमची शाळा चौथीपर्यंत, म्हणून जूनमध्ये ती पाचवीला वाकणवाडीत गेली होती. आता दांडावर म्हशींमागं उभी होती, डोक्यावर पोत्याची खोळ.

“शाळा गं?”

तिनं काठीनं चिखलात रेघ ओढली. “बारा दिस ग्येले शाळंत, बाई. पाय दुखत्यात.”

मी त्या रात्री खोलीत बसून वही काढली आणि मागच्या पाच वर्षांत चौथी झालेल्या पोरींची नावं लिहिली. नऊ होत्या. त्यातल्या किती अजून वाकणवाडीला चालत होत्या? दोन. त्या नऊजणी दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आता त्याच वाटेनं सहा वर्षांची पोरं जायची होती.

पुढच्या शनिवारी एस.टी.तून उतरले ती घरी गेले नाही. थेट ऑफिसात जाऊन साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. साहेब बाहेर आले की उभी राहायची आणि म्हणायची, “साहेब, एकदा चालून बघा.” ते “बघू बघू” म्हणत जिना उतरायचे. ऑफिस बंद झालं की मी मारुतीच्या देवळात जायची, तेल घालायची आणि मग घरी. सुट्टीचे शनिवार सोडून असे चार शनिवार झाले. लिपिक मला बघून एकमेकांना म्हणायचे, “आल्या हाकेवाल्या बाई.” शिपाई तांबे तेवढा बरा. तो प्रत्येक वेळी चहा घेऊन यायचा.

“घ्या बाई.”

“नको तांबेदादा. आज नाही चालत.”

“मग पाणी तरी?”

“पाणीही नाही.”

पहिल्या तीन वेळा तो मुकाट्यानं कप परत घेऊन गेला. चौथ्या शनिवारी नलावडे साहेब आतून जवळजवळ धावतच बाहेर आले. मागं तांबे, त्याच्यामागं दोन लिपिक.

“बाई, हे काय लावलंय तुम्ही? चार शनिवार उपोषणाला बसलाय आणि मला पत्ता नाही? निवेदन नाही, पूर्वसूचना नाही!”

“उपोषण नाही, साहेब. उपवास आहे. माझा शनिवार असतो.”

“तांबे म्हणतो पाणीसुद्धा घेत नाही.”

“सोळा वर्षं नाही घेत.”

“मग आत्ता माझ्यासमोर दोन घोट चहा घ्या.”

“शनिवार आहे ना, साहेब.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्हाला कळतंय का? बाहेर एक पत्रकार येऊन उभा आहे. विचारतोय, डोंगरातली शाळा वाचवायला बाई अन्नपाणी सोडून बसल्यात, हे खरं का? मी काय सांगू त्याला?”

“सांगा की बाईंचा शनिवार आहे.”

“आणि तो ते लिहील असं वाटतं तुम्हाला?” ते दारातच घुटमळले. मग एकदम म्हणाले, “काय पाहिजे तुम्हाला?”

“तुम्ही चालून बघायला पाहिजे. आमच्या पहिलीतल्या एका पोराबरोबर. त्याच्या चालीनं.”

“येतो,” साहेब म्हणाले. “मंगळवारी येतो. आता घरी जा, बाई, कृपा करा.”

मंगळवारी साडेनऊला साहेब करंजदांडला पोचले, घामानं निथळत. जीप त्यांनी खालूनच वाकणवाडीकडं वळवून दिली होती, तिकडं रस्ता होता. वाडा सगळा शाळेपुढं जमलेला. साहेब घोटभर पाणी प्याले, दांडाच्या टोकाला गेले आणि त्यांनी समोर बघितलं. धुकं नव्हतं. वाकणवाडीच्या शाळेचं लाल कौल लख्ख दिसत होतं, अंगणातली पोरंसुद्धा मोजता आली असती.

साहेबांनी तिथल्या गुरुजींना हाक मारली, “भोइटे गुरुजीऽऽऽ!”

“ओऽऽऽ! या साहेबऽऽऽ!”

साहेब हसले. “बाई, हे काय, इथंच तर आहे.”

“चला ना, साहेब,” मी म्हटलं.

तानीला आम्ही निवडलं नव्हतं. ती स्वतःच दप्तर अडकवून पुढं उभी होती, कारण साहेबांबरोबर जायला मिळणार म्हणून. धाकू कोयता घेऊन पुढं निघाला, वाटेवरचं रान तोडत. साहेबांनी घड्याळ बघितलं. नऊ चाळीस.

पहिला उतार तानी उड्या मारत गेली. साहेबांचा बूट दोनदा सरकला. करवंदीच्या जाळीपाशी तिच्या पायात काटा मोडला. तो काढायला थांबलो. थोडं पुढं तिला तहान लागली, मग शू लागली, मग दप्तराचा बंद सुटला. धाकूनं दोन्ही हात पुढं केले.

“ये गं, खांद्यावर घेतो.”

“उचलायचं नाही, धाकूभाऊ,” मी म्हटलं. “रोज कोण उचलणार?”

तानीला बोलल्याशिवाय चालता यायचं नाही. “साहेब, तुमची शाळा लांब व्हती का वो?”

“नाही गं. घरासमोरच होती.”

“मग तुमी लई शिकला आसाल.”

साहेबांना दम लागला होता.

ओढ्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. दोन्ही काठांवर लाकडाचे खुंट तेवढे उरलेले. पाणी साहेबांच्या गुडघ्याला लागलं, तानीच्या कमरेला. धाकूनं तिचा एक हात धरला, दुसरा साहेबांनी. मधोमध तिचा पाय सुटला आणि क्षणभर ती दोघांच्या हातांत नुसती लोंबली. पलीकडं गेल्यावर साहेब खडकावर बसले आणि बुटातलं पाणी ओतू लागले.

“पाऊस वाढला की काय करता?” त्यांनी धाकूला विचारलं.

“मग हिकडं याचं न्हाय.”

“किती दिवस?”

“येकदा चढला की धा-धा दिस उतरत न्हाय. धा दिस उतरला की परत चढतो. नवरात्रापातुर आसंच.”

पुढं सगळा चढ. तानीचं बोलणं कमी झालं, मग थांबलं. ती दर वीस-पंचवीस पावलांनी बसायची आणि आम्ही तिच्याभोवती उभे राहायचो. कुणीच तिला घाई केली नाही. साहेबांनीही नाही. वाकणवाडीच्या अंगणात पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. एक तास पस्तीस मिनिटं.

भोइटे गुरुजींनी तानीला पहिलीच्या ओळीत बसवलं आणि पाटी दिली. “तुझं नाव लिही बरं, बाळ.” नाव तिला येत होतं, मीच शिकवलं होतं. तिनं ‘ता’ काढला. ‘नी’ची वेलांटी वरून खाली येता येता थांबली आणि मान हळूहळू पाटीवर टेकली. गुरुजींनी हलवलं, शेजारच्या पोरीनं हलवलं. साडेबाराला खिचडीची घंटा झाली, पोरं ताटल्या घेऊन धावली, ताटल्यांचा तो खडखडाट झाला, तरी तानीला जाग आली नाही. तिच्या परकराचं पाणी फरशीवर पसरलं होतं.

नलावडे साहेब मघापासून दारात उभे होते. बाहेर ओट्यावर आले आणि त्यांनी बॅगेतून कागद काढला.

“पंचनामा मी करतोच. तुमचाही कागद लागेल. लिहा. सांगतो मी.” त्यांनी घसा साफ केला. “‘कार्यालयातील टंकलेखनाच्या चुकीमुळे अंतराच्या रकान्यात...’ लिहा ना, बाई. ज्यानं ते टाइप केलं तो देशमाने रिटायर झाला. त्याला काही होत नाही, तुम्हाला काही होत नाही, मला काही होत नाही. फाईल परत.”

मी पेन हातात घेतलं होतं. समोर दांड दिसत होता, आमची शाळा दिसत होती. धाकू आत तानीच्या शेजारी बसला होता.

“साहेब,” मी म्हटलं, “तो आकडा मी वाचला होता.”

“कुठला?”

“अर्धा किलोमीटर. मार्चमध्ये तक्ता सहीला आला, तेव्हा सगळा वाचला मी. आकडा खोटा आहे हे कळलं. आदेश येणार अशी कुजबूज तेव्हाच होती. शाळा बंद झाली की मला गावात जागा मिळेल, तेही माहीत होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मिस्टर रोज विचारायचे, कधी येणार. मी सही केली.”

साहेबांनी दारातून आत, धाकूकडं बघितलं.

“खोटं मी लिहिलं नाही, असं मनाला सांगितलं. दुसऱ्यानं लिहिलेलं, मी फक्त खाली नाव घातलं. पोथीचं पान रोज उलटत होते आणि तो आकडा पोटात घेऊन बसले होते. तुमच्या दाराशी चार शनिवार बसले, तेही त्याचसाठी. तुम्ही स्वतः बघून फाईल फिरवली असती, तर मला हे सांगावं लागलं नसतं.”

“बाई,” साहेब हळू म्हणाले, “हे मी ऐकलेलं नाही.”

“मग लिहिते.”

“अहो, कशाला? शाळा तशीही राहतेय!”

“टंकलेखनाची चूक पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी परत टंकेल, साहेब. हे फायलीत राहील.”

मी लिहिलं. चार ओळी. अंतराचा आकडा खोटा आहे हे माहीत असताना, माझ्या बदलीच्या सोयीसाठी मी सही केली. करंजदांड ते वाकणवाडी पहिलीतल्या मुलीला चालत एक तास पस्तीस मिनिटं लागली. मी सोबत होते. खाली सही. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मला नमस्कार केला. का केला, मला कळलं नाही. मला तो घेववला नाही.

गणपतीनंतर एकाच पाकिटातून दोन कागद आले. एक, करंजदांडची शाळा पुढील आदेशापर्यंत चालू राहील. दुसरा, माझ्यावरची नोटीस. तीन वर्षं माझं नाव बदलीच्या यादीत येणार नव्हतं. मी तो शनिवारी घरी दाखवला. मिस्टरांनी वाचला, परत पाकिटात घातला आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या घरात पुढं काय काय झालं ते इथं सांगत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी वाड्याला ओट्यावर बोलावलं. पहिला कागद वाचला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोंडाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी म्हटलं, “थांबा. अजून एक आहे.”

नोटिशीत माझ्या त्या चार ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या होत्या. मी वाचू लागले.

“बाई, मागं ऐकाया येईना,” धाकू म्हणाला. “मोठ्यानं वाचा.”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं. माझ्या बदलीच्या सोयीसाठी मी सही केली, इथवर आले तेव्हा ओट्यावर म्हशींच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. शेवटपर्यंत वाचून कागद खाली केला. दोघी-तिघी उठून गेल्या. धाकू माझ्याकडं बघत होता. तानीला ओढ्यात लोंबकळताना ज्या नजरेनं बघितलं होतं, त्याच नजरेनं.

कोंडाबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, “उद्या शाळा हाय न्हवं?”

“आहे. साडेदहाला.”

“मग पोरांस्नी धाडायचं तर म्हशी लवकर सोडाया लागतील,” म्हणत ती उठली.

धाकू ढेबे त्या दिवसापासून माझ्याशी वर्षभर बोलला नाही. सभेला यायचा, सही करायचा, जायचा. तानीला मात्र त्यानं एकही दिवस घरी ठेवलं नाही.